दहाच मिनिटं

माणसानं खोटं बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी गेली साठ वर्षं बाळगून आहे आणि त्याचा मला फारसा त्रास झालेला नाही. कारण कशाकशाला खोटं म्हणायचं नाही, याची एक भलीमोठी यादी आपल्या समाजानं आधीच मंजूर करून ठेवली आहे. कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नसताना शिंप्यानं 'बटणं तेवढी लावायची राहिलीत, मंगळवारी या' म्हणावं. यजमानीणबाईंनी पाच पदार्थ पानात वाढून 'आज काहीच केलं नाही हो' म्हणावं आणि पाहुण्यानं सहाव्याची वाट बघत 'आता अगदी पुरे' म्हणावं. दुपारी अडीच वाजता झोपमोड झालेल्या माणसानं लुंगी सावरत दार उघडून 'या या, तुमचीच आठवण काढत होतो' म्हणावं. याला कुणी खोटं म्हणत नाही. हे संसाराच्या चाकांना घातलेलं वंगण आहे.

पण या यादीतल्या एका वाक्याविषयी अलीकडे माझ्या मनात शंका उत्पन्न झाली आहे. चढणाऱ्या माणसानं उतरणाऱ्या माणसाला 'अजून किती?' म्हणून विचारलं, की उतरणारा हसतमुखानं म्हणतो, "आलंच की आता. दहाच मिनिटं!" सिंहगड असो, तोरणा असो, नाहीतर हरिश्चंद्रगड असो, उत्तर हेच. पायथ्याशी विचारा, दहा मिनिटं. मध्यावर विचारा, दहा मिनिटं. सह्याद्रीत अंतर मोजण्याचं हे एकच माप आहे. दुसरं कुणी बाजारात आणलेलं नाही.

शंका उत्पन्न झाली ती नानाच्या साठाव्या वाढदिवशी.

नाना, मध्या, बापट आणि मी शाळेपासूनचे. बापटला बापटच म्हणतात, कारण वर्गात सुरेश तिघे होते. तो पुढे तर्कशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि निवृत्त होईपर्यंत वर्गातल्या उरलेल्या चारपाच मुलांना 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे शिकवत राहिला. मध्या बँकेत होता. नाना विमा कंपनीत होता, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो युनियनमध्ये होता. आम्ही चौघांनी कॉलेजात असताना 1979 साली कळसूबाई चढायचा बेत केला होता. तो जानेवारी 2019 मध्ये पार पडला. सरकारी धरणांच्या हिशेबानं चाळीस वर्षं म्हणजे काही फार नव्हे.

साठी आली तशी नानाच्या घरी उग्ररथ शांतीची तयारी सुरू झाली. गुरुजींची यादी आली. साठ दिव्यांनी ओवाळायचं ठरलं. नानानं यादी वाचली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि जाहीर केलं, "मी त्या दिवशी कळसूबाईच्या शिखरावर असेन. दिवे इकडे लावा." वाढदिवस डोंगरावर साजरा करण्याला मोठी परंपरा आहे, असाही एक मुद्दा त्यानं मांडला. तेनसिंग नोर्गेला आपली जन्मतारीखच ठाऊक नव्हती. 29 मे 1953 ला एव्हरेस्टवर पाय ठेवल्यावर त्यानं तीच तारीख वाढदिवस म्हणून घेऊन टाकली. "तेव्हा तो चाळिशीच्या आत होता," बापट म्हणाला. "आणि तो शेर्पा होता. तू सदाशिव पेठेत राहतोस."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नानाच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात दशम्यांचा डबा देत म्हणाली, "भाऊजी, त्या तिघांना मी काही सांगत नाही. तुम्हाला सांगते. ह्यांना हल्ली जिना चढताना दम लागतो. जिथे थकतील तिथून मागे फिरवा. हट्ट करतील, ऐकू नका."

"वहिनी, काही काळजी करू नका," मी म्हणालो. "नावाला शिखर आहे हो. पर्वतीसारखंच समजा."

कळसूबाई 1646 मीटर म्हणजे 5400 फूट उंच आहे. महाराष्ट्रात तिच्याहून उंच काही नाही. हे वहिनींना ठाऊक नसावं असं मला वाटलं, आणि नसेल तर कशाला सांगा, असंही वाटलं. वंगण!

संगमनेर, अकोले, राजूर करत आम्ही संध्याकाळी बारी गावात पोचलो. पायथ्याचं गाव. एका घराच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. जेवताना घरमालकानं कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. पायथ्याच्या एका घरी ती कामाला राहिली, ती अट घालून. भांडी घासणार नाही आणि केरकचरा काढणार नाही. घरच्यांनी अट मान्य केली. बरेच दिवस सगळं ठीक चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. तिनं एक शब्द न बोलता दोन्ही कामं केली, आणि तशीच उठून डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. जिथे तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. वर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते.

"एवढ्याशा भांड्यांवरून?" मध्या म्हणाला. त्याच्याकडे गेली तीस वर्षं बाई भांड्यांवरूनच सोडून जातात, त्यामुळे त्याला त्या विषयाची झळ आहे.

"भांड्यांवरून नव्हे," नाना म्हणाला. विमा कंपनीतला युनियनवाला जागा झाला होता. "काम तिनं केलंच की. ती गेली ती शब्द मोडला म्हणून."

ही गोष्ट मी त्या रात्री भाकरीबरोबर गिळून टाकली. पचली नाही ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटे साडेपाचला निघालो. सर्वांत पुढे मध्या. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत केक होता. सकाळी ओंकारेश्वरापर्यंत चालत जाण्यापलीकडे ज्यांचा गिर्यारोहणाशी संबंध आलेला नाही, असे बापट आणि मी मध्ये. आणि शेवटी नाना, माकडटोपी, मफलर, नवे कोरे बूट आणि हातात वडिलांची काठी. गाव संपलं, शेतं संपली आणि चढ सुरू झाला. पहिल्या अर्ध्या तासात नाना आम्हाला 1982 सालच्या संपाची हकीकत सांगत होता. पाऊण तासानं हकीकत तुटक झाली. तासाभरानं संप मिटला.

तेव्हा वरून पहिली टोळी उतरली. रात्री चढून परतणारी कॉलेजची पोरं. नानानं काठी टेकून विचारलं, "काय रे, अजून किती?"

"आलंच काका! दहा मिनिटं!"

त्यावेळी सात वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला नेमकं आठवतं, कारण मी घड्याळ लावून बघत होतो. सात वीसला एक टेकाड संपलं आणि त्याच्यामागून दुसरं वर आलं. कळसूबाईचा हा स्वभाव आहे. शिखर म्हणून जे दिसतं ते शिखर नसतं, शिखराचा कारकून असतो. साहेब आत असतात. पहिली लोखंडी शिडी आली, ती चढलो. नानानं मला विचारलं, "आता रे?" मी खालून कधीही न पाहिलेल्या, कुठल्याही बाजूनं अंदाज नसलेल्या डोंगराकडे अनुभवी डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणालो, "दहा मिनिटं."

पाऊणेआठला मी पुन्हा दहा मिनिटं म्हणालो. आठ वाजता उतरणाऱ्या एका जोडप्यानं पंधरा मिनिटं सांगितली. म्हणजे मधल्या वेळात डोंगर वाढला होता.

बापटच्या मनाला हे लागलं. त्याला दम लागलेला होता, तरी तर्कशास्त्र स्वस्थ बसू देईना. तो म्हणाला, "कांटनं 1797 साली... एक निबंध लिहिलाय... थांब जरा..." मग थांबून, दोन श्वास घेऊन, "खुनी माणूस दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? आणि मित्र घरात आहे. तरीसुद्धा, कांट म्हणतो... खोटं बोलायचं नाही!"

"मग काय सांगायचं? आत आहे, माजघरात, चहा घेऊन या?" मध्या वरून ओरडला.

"कांट कधी डोंगर चढला होता का?" मी विचारलं.

बापटला हे मान्य करावं लागलं की नव्हता. कोनिग्सबर्ग हे आपलं गाव सोडून तो गृहस्थ फारसा कुठे गेलाच नाही. रोज ठरलेल्या वेळी फिरायला निघायचा, इतका नेमानं, की शेजारी त्याच्यावर घड्याळं लावत अशी आख्यायिका आहे. सपाटीवर नेमानं फिरणाऱ्या माणसाला खरं बोलायला काय जातं? आमचा धर्मराज निदान रणांगणात उभा होता. जन्मभर खरं बोलला म्हणून त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि अश्वत्थाम्याच्या बाबतीत घोटाळा केल्यावर खाली आला. त्या घटकेला मला चार बोटं मिळाली असती तर मीही उर्वरित आयुष्य खरं बोललो असतो.

आमचा हा वाद चालला असताना मागे नाना काय करत होता, याकडे आमचं लक्ष नव्हतं. नाना दहा मिनिटांच्या हिशेबानं चालत होता. दहा मिनिटंच राहिली म्हणून त्यानं पाण्याची बाटली संपवून टाकली. दहाच मिनिटं राहिली म्हणून खिशातलं संत्रं एका उतरणाऱ्या मुलाला देऊन टाकलं. आणि दहा मिनिटांसाठी थांबून काय करायचं, म्हणून तो बसलाच नाही.

एका सपाटीवर झापाखाली एक मावशी लिंबूसरबत विकायला बसल्या होत्या. अंगावर हिरवं लुगडं, शेजारी कळशी आणि लिंबांची टोपली. हे सगळं डोक्यावर घेऊन त्या रोज वर येतात. नाना त्यांच्यापुढे दगडावर टेकला आणि सवयीनं म्हणाला, "काय मावशी, आलंच ना आता?"

मावशींनी लिंबू पिळता पिळता त्याच्याकडे नीट बघितलं. "कुठं आलं बाबा? लई हाय अजून. आत्ता कुठं निम्मं आलं आसंल-नसंल."

आम्ही सगळे गप्प झालो. लग्नघरात कुणीतरी मयताची बातमी सांगावी तसं झालं. मध्यानं मागून हातवारे करून मावशींना खुणावण्याचा प्रयत्न केला. बापट माझ्या कानाशी पुटपुटला, "या बाईंना व्यवहार कळत नाही." कांटच्या अनुयायानं हे म्हणावं!

पण नाना दोन पेले सरबत प्याला. बूट काढले. मोजे काढले. पाय लांब करून बसला. चांगली वीस मिनिटं बसला. मग मावशींकडून बाटली भरून घेत मला म्हणाला, "बरं झालं कळलं. आता पुरवून पुरवून वापरता येईल." काय पुरवून वापरायचं, पाणी की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

पुढच्या शिड्या तो मोजून चढला. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग उन्हात आले. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकायला लागलं. मध्या आणि बापट बरेच पुढे गेले होते. शेवटच्या शिडीच्या अलीकडे, अगदी थोडं अलीकडे, नाना एका कातळाला टेकून बसला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्याचा रंग मला आवडला नाही. वरून मध्यानं हाक मारली. नानानं काठी उंच करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून उत्तर दिलं, "व्हा पुढे! आलोच, दहा मिनिटांत!"

मग त्यानं माझं मनगट धरलं. "आता खरं सांग. अजून किती?"

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मला पंचवीस वर्षं मागे जाऊन यावं लागलं, त्याला माझा इलाज नाही. 1994 साली माझे वडील पुण्यात हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी खोलीत परत गेलो. वडिलांनी विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर? अजून किती दिवस?" मी म्हणालो, "आठ दिवसांत घरी." ते बरंच बरं वाटल्यासारखे उशीवर टेकले. चिपळूणच्या आत्याशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घराच्या वाटणीवरून. त्या दिवशी सकाळी ते स्वतःहून म्हणाले होते, अक्काला बोलावून घे. आता म्हणाले, "आठ दिवसांचाच प्रश्न असेल तर म्हातारीला एवढ्या लांब कशाला धावाधाव? घरी गेल्यावर मीच पत्र टाकतो." पाचव्या दिवशी ते गेले. आत्या सहाव्या दिवशी आली. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "माझं नाव काढलं होतं का रे त्यानं?" मी हो म्हणालो. ते मात्र खरं होतं.

वंगण, वंगण म्हणतो आपण. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते बोललो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोलीत परत जाताना पाय कुणाचे लटपटत होते, हे व्हरांड्याला माहीत आहे.

"नाना," मी म्हणालो, "मला माहीत नाही. आणि सकाळपासून जे सांगत होतो तेही मला माहीत नव्हतं."

नाना हसला. "ते ठाऊक होतं मला. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. चौथीपासून बघतोय." मग थोडा वेळ थांबून, समोरच्या रतनगडाकडे बघत म्हणाला, "आता माझं ऐक. डिसेंबरात मी डॉक्टरकडे जाऊन आलो. ते पट्ट्यावर चालवतात ना, तसं चालवलं. चढ चढायचा नाही म्हणून सांगितलंय. अँजिओग्राफी करायची आहे. कागद घरात विम्याच्या फायलीत ठेवलाय. तिथे कुणी बघत नाही."

मी आधी घाबरलो आणि मग इतका संतापलो की त्या संतापात माझी भीती गेली. हा माणूस सकाळपासून माझ्याबरोबर शिड्या चढत होता. याला इथे काही झालं असतं, तर खाली जाऊन वहिनींपुढे उभं मला राहायचं होतं. तिच्या दशम्यांचा डबा माझ्या पिशवीत होता! मी सुनावलं त्याला. खोटारडा म्हणालो. मित्र म्हणवतोस आणि फसवतोस म्हणालो. चाळीस वर्षं युनियनच्या सभांतून 'कामगारांपासून काहीही लपवलं जाणार नाही' अशी भाषणं ठोकणाऱ्याला शोभतं का, म्हणालो. दम लागेपर्यंत बोललो.

नानानं सगळं ऐकून घेतलं. "तुला आधी सांगितलं असतं तर मला इथे आणलं असतंस का?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. "आणि तू मला पहिल्या शिडीवर खरं सांगितलं असतंस, की अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही, तर मी इथवर आलो असतो का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. बापट जवळ असता तर कदाचित त्यानं काही सांगितलं असतं. पण एक फरक मला त्याही घटकेला जाणवत होता, तो नानाला नीट सांगता येईना. त्यानं लपवलं ते त्याचं स्वतःचं होतं. त्याचं काळीज, त्याचा डोंगर. मी लपवलं तेही त्याचंच होतं. त्याच्या पायांतला दम किती पुरवायचा हे ठरवायला जो आकडा त्याला हवा होता, तो मी माझ्या खिशात घालून फिरत होतो. आणि खिसा उघडला तर आत काहीच नव्हतं. म्हणजे ते तर आणखी वाईट. अर्थात त्याचं काळीज तरी नुसतं त्याचंच होतं का, हा प्रश्न राहतोच. साठ दिवे घासूनपुसून ठेवून घरी बसलेल्या बाईचा त्यात काही हिस्सा असेल की नाही?

मी हे बोलून दाखवलं, म्हणजे दिव्यांचं. नाना बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं स्वतःच ठरवलं. शेवटची शिडी तो चढणार नव्हता. "इथून छान दिसतंय," म्हणाला. खरोखरच छान दिसत होतं. वाऱ्यात झेंड्याची काठी वाजल्यासारखा कसलासा आवाज वरून येत होता. आम्ही दोघांनी वहिनींचा डबा उघडला. घामही हळूहळू निवला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात आम्ही तिथे दीड तास बसलो. साठी मी अनेक पाहिल्या आहेत. मांडव, शाल, श्रीफळ, सत्कारमूर्तीला बोलू न देणारे वक्ते. ही बरी होती.

इकडे मध्या आणि बापट शिखरावर देवळापाशी केक मांडून बसले होते. 'दहा मिनिटांत आलोच' हा निरोप त्यांनी खरा धरला होता. पहिल्या दहा मिनिटांनी त्यांनी मेणबत्ती लावली. वाऱ्यानं विझली. अर्ध्या तासानं पुन्हा लावली. तासाभरानं बापट म्हणाला, की केक कापणं आणि केक खाणं या तर्कदृष्ट्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिली न करता दुसरी करता येते. दीड तासानं ते काळजी करत धावत खाली आले, तेव्हा केकवरच्या 'नाना'मधला एक 'ना' शिल्लक होता.

"दहा मिनिटं म्हणाला होतात!" मध्या संतापून ओरडला. "तुम्हाला लाज नाही वाटत?"

मध्याला हे ओरडण्याचा पूर्ण अधिकार होता आणि आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. मग मी त्यांना विम्याच्या फायलीचं सांगितलं. नानाच्या देखत सांगितलं. हसणं थांबलं.

एव्हरेस्टवर आधी कोण पोचलं, या प्रश्नाला हिलरी आणि तेनसिंग यांनी आपसांत ठरवून एकच उत्तर दिलं होतं. जवळजवळ बरोबरच पोचलो. पुढे 1955 साली निघालेल्या आत्मचरित्रात तेनसिंगनं स्वतःच सांगून टाकलं, की हिलरीचं पाऊल आधी पडलं. दोन वर्षं लागली. उतरताना आम्ही तिघांनी नानाला तेवढी मुदत द्यायची नाही असं ठरवलं. आज रात्री वहिनींना तू सांगायचं. नाही सांगितलंस, तर मी सांगणार. नानानं ते मान्य केलं. अगदी हळू उतरलो. दर शिडीला बसलो. सरबताच्या मावशींनी नानाला ओळखलं. "जाऊन आला का बाबा?" नाना म्हणाला, "नाही मावशी. थोडं राहिलं." "ऱ्हाऊं द्या," त्या म्हणाल्या, "ती कुठं जातीय?"

त्याच्या खाली पाचसहा मुलींचा एक घोळका वर येत होता. पुढची मुलगी लालबुंद झालेली, कमरेवर हात ठेवून उभी. तिनं मला विचारलं, "काका, अजून किती?"

माझी जीभ आपोआप वळायला लागली होती. ती आवरून मी म्हणालो, "बरंच आहे गं. निम्म्याहून जास्त. पाणी जपून प्या. वर मावशी बसल्यात, तिथे भरून घ्या."

मुलीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तिचा पेपर तपासून नापास केला असावा. "काय हो काका!" म्हणाली आणि मटकन खाली बसली. मी दोन पावलं खाली गेलो असेन, तोच मागून नानाचा आवाज आला. "अगं, ह्याचं काय ऐकतेस? म्हातारा झालाय तो. आलंच की आता! दहाच मिनिटं!" मुली हसल्या आणि ती उठून चालायलाही लागली.

मी नानाकडे वळून बघितलं. तो माझ्याकडे न बघता काठीनं पुढचा दगड चाचपत होता.

रात्री साडेनवाला पुण्यात पोचलो. मध्याला आणि बापटला सोडून गाडी नानाच्या घरापाशी थांबवली. माडीवर दिवा होता. नाना म्हणाला, "तू नको येऊस वर. तू असलास की ती तुझ्याशी भांडेल, माझ्याशी नाही. गाडीत बस. मी सांगतो आणि तुला हाक मारतो. दहाच मिनिटं."

मी गाडीत बसलो. पावणेअकरा वाजले. समोरच्या दुकानाचं शटर पडलं. रिकामा डबा मांडीवर घेऊन मी तिथेच बसून होतो. नाना आज ठणठणीत आहे. फेब्रुवारीत दोन स्टेंट बसले आणि हा लेख मी त्याला वाचूनही दाखवला, त्यातला '1982 सालचा संप' त्याला फार त्रोटक वाटला. पण त्या रात्री गाडीत हे मला काही ठाऊक नव्हतं. शेवटी वरची खिडकी उघडली. नाना नव्हता, वहिनी होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "वर या. चहा टाकलाय."

आवाजावरून काही समजेना. मी डबा घेतला आणि जिना चढायला लागलो.